बॅकएंडला सगळं आयतं देणारं जँगो घ्यावं, की तुकडे जोडून आपलं आपण करावं?

पंचगंगाकाठ | १४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ, असं आमचं दोघांचंच दुकान आहे. गावोगावच्या दूध संस्थांना सॉफ्टवेअर करून देतो. आतापर्यंत सगळं एक्सप्रेसवर केलं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या एका हलक्या फ्रेमवर्कवर (सर्व्हरच्या कामाचा तयार सांगाडा). लॉगिनला एक पॅकेज, डेटाबेसला दुसरं, फॉर्म तपासायला तिसरं, मेसेज पाठवायला चौथं. चार वर्षांत यातली दोन पॅकेजेस त्यांच्या मालकांनी वाऱ्यावर सोडली, एकाने नवी आवृत्ती काढताना जुनं सगळं मोडून ठेवलं. दर वेळी आमचा रविवार जातो.

आता बारा संस्थांचं एकत्र काम आलंय. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), गाय-म्हैस वेगळं दरपत्रक, दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्याची उधारी आणि ॲडव्हान्स कापायचा. भाऊ म्हणतो पायथॉनचं जँगो फ्रेमवर्क घेऊ, निम्मं काम आयतं मिळतं. मला ते जड वाटतं. पाच ओळींत सर्व्हर उभा करायची सवय लागलेल्या माणसाला सुरुवातीलाच एवढ्या फायली बघून धडकी भरते. शिवाय आत काय चाललंय ते दिसत नाही. बिघडलं तर हात घालायचा कुठे?

दोन्ही केलेल्यांनी सांगा. भावाशी पैज लागली आहे. ती काय, ते नंतर.

चकलीबिघडली | १४ जून, रात्री ११:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा कोल्हापूरचा असल्याने मिसळ.

वैदर्भी | १५ जून, सकाळी ७:३०

भाऊ जिंकला समजा.

जँगो कुठे जन्मलं ते बघा, म्हणजे ते जड का आहे ते कळेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एक स्थानिक वर्तमानपत्र आहे. त्याच्या वेबसाइटचं काम करताना ॲड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये हे लिहायला घेतलं, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदार मजकूर भरणार, संपादक दुरुस्त करणार, आणि नवं पान 'आज संध्याकाळपर्यंत' हवं. म्हणून त्यात ॲडमिन आहे, माहिती भरायच्या-दुरुस्त करायच्या तयार स्क्रीन. मॉडेल (नोंदीत काय काय असेल त्याचं वर्णन) लिहिलं, नोंदणीची एक ओळ टाकली की यादी, शोध, फॉर्म, परवानग्या सगळं समोर.

आता तुमच्या संस्थेतला सचिव डोळ्यांपुढे आणा. दरपत्रक बदललं की त्याला कुठेतरी ते भरायचं आहे. सभासदाचा बँक खाते क्रमांक चुकला, तो दुरुस्त करायचा आहे. एक्सप्रेसमध्ये यातली प्रत्येक स्क्रीन तुम्ही हाताने केली असणार, आणि तिचे पैसे कोणी वेगळे दिले नसणार.

दुसरं, पैसे. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. तुम्ही बिलाची बेरीज कशी करता? जँगोत डेसिमलफील्ड लावलं की डेटाबेसपासून पायथॉनपर्यंत दशांश तसाच राहतो. पाच-दहा पैशांवरून संस्थेच्या दारात किती वेळ उभं राहावं लागतं, हे तुम्हालाच जास्त माहीत.

पंचगंगाकाठ | १५ जून, सकाळी ८:१०

ताई, पैसे आम्ही पूर्णांकात ठेवतो, शंभराने गुणून. पण फॅट तसाच ठेवला होता. एकदा ६.३५ चा ६.३ झाला आणि एका काकूंनी पावती घेऊन थेट घर गाठलं. आमचं घर.

मिनी_मॉड्यूल | १५ जून, सकाळी ९:४५

असहमत.

तुमचं ॲप मोबाइलवर चालणार ना? मग जँगोचे टेम्प्लेट, फॉर्म, सेशन यातलं बरंचसं पडून राहणार. वर एपीआयसाठी (ॲप आणि सर्व्हरच्या देवाणघेवाणीसाठी) डीआरएफ, म्हणजे जँगो रेस्ट फ्रेमवर्क, बसवायचं, म्हणजे फ्रेमवर्कवर दुसरं फ्रेमवर्क. फास्टएपीआय घ्या, पायथॉनचंच पण हलकं. पायथॉनचे टाइप लिहिले की येणारा डेटा तपासला जातो, एपीआयचं डॉक्युमेंटेशन आपोआप तयार होतं, मोबाइलवाल्या भावाला ते पान दिलं की तो तुम्हाला फोन करत नाही. डेटाबेसला एसक्यूएलअल्केमी, मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलायला) अलेंबिक. दोन्ही जुनी, मुरलेली. यातलं कोणी वाऱ्यावर सोडलेलं नाही.

आणि ज्यावरून ताई एवढं कौतुक करतायत त्या ॲडमिनची एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. तुमच्या बारा संस्था एकाच डेटाबेसात आहेत. ॲडमिनची परवानगी मॉडेलवर असते, ओळीवर नसते. 'सभासद बदलू शकतो' असं सचिवाला दिलं की तो बाराही संस्थांचे सभासद बदलू शकतो.

वैदर्भी | १५ जून, सकाळी १०:२०

मुद्दा बरोबर. गेट_क्वेरीसेट लिहून आपल्या संस्थेपुरतं गाळावं लागतं, आणि ड्रॉपडाउनमध्ये दुसऱ्या संस्थेचे सभासद दिसू नयेत म्हणून तेही वेगळं गाळावं लागतं. दुसरं लोक विसरतात. मीही विसरले होते.

पण फास्टएपीआयमध्ये ते आपोआप होतं का? तिथे तर ॲडमिनच नाही, म्हणून तक्रारही नाही.

खडूसआजोबा | १५ जून, दुपारी १२:०५

मी जावाचं ईजेबी पाहिलं आहे. स्ट्रट्स पाहिलं आहे. स्प्रिंगच्या एक्सएमएल फायली अशा पाहिल्या आहेत की त्यापुढे सातबारा वाचायला सोपा वाटावा. २०१४ मध्ये त्या फायली टाळणारं स्प्रिंग बूट आलं तेव्हा आमच्या टीममधल्या एकाने पेढे वाटले होते. त्यामुळे जड म्हणजे काय, हे मला शिकवू नये.

धागाकर्त्याला एकच प्रश्न. तुमच्या एक्सप्रेसच्या प्रकल्पात 'कॉमन' किंवा 'युटिल्स' नावाचं फोल्डर आहे का? जे तुम्ही प्रत्येक नव्या संस्थेच्या कामात जसंच्या तसं चिकटवता? त्यात लॉगिन आहे, चुका पकडायचं काही आहे, तारीख नीट करायचं काही आहे. असणारच. तेच तुमचं फ्रेमवर्क. फरक इतकाच की त्याची चूक शोधायला जगात दोनच माणसं आहेत आणि ती मावसभाऊ आहेत.

पंचगंगाकाठ | १५ जून, दुपारी १२:३०

फोल्डरचं नाव 'हेल्पर्स_न्यू_२' आहे. बाकी सगळं खरं.

भातुकली | १५ जून, दुपारी १:१५

मला तर हे घरी स्वयंपाक करावा की थाळी मागवावी असं वाटतं. थाळीत नको असलेली कोशिंबीरही येते, पण...

चकलीबिघडली | १५ जून, दुपारी १:१७

दहाव्या प्रतिसादाच्या आत थाळी येणार यावर मी स्वतःशीच पैज लावली होती. जिंकलो. (हलकं घ्या.)

रुबीची_अंगठी | १५ जून, सायंकाळी ६:४०

कोणी रुबी भाषेतल्या रेल्स फ्रेमवर्कचं नाव काढलं नाही म्हणून वाईट वाटलं. तेही असंच, आधी बेसकॅम्प हे उत्पादन बनलं आणि २००४ मध्ये त्यातून फ्रेमवर्क वेगळं काढलं. आधी काम, मग फ्रेमवर्क. जँगोसारखंच.

पण 'आयतं आहे म्हणजे सुरक्षित आहे' असं कोणी समजू नका. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर (प्रकल्पांचा कोड ठेवायची साइट) काय झालं ते आठवा. रेल्समध्ये तेव्हा फॉर्ममधून जे येईल ते सरळ मॉडेलमध्ये भरायची सोय होती आणि काय भरू द्यायचं नाही हे सांगायचं काम तुमचं. एका माणसाने फॉर्ममध्ये एक जादाचं फील्ड घालून आपली (कोड बदलायचा हक्क देणारी) चावी थेट रेल्सच्याच प्रकल्पाला जोडून दाखवली. त्यानंतर रेल्स ४ मध्ये नियम उलटा झाला: जे सांगाल तेवढंच भरलं जाईल.

जँगोच्या मॉडेलफॉर्ममध्ये फील्ड्सपुढे '__ऑल__' लिहिलं की तुम्ही त्याच जुन्या गावात परत गेलात. सभासदाच्या फॉर्ममध्ये 'उधारी शिल्लक' हे फील्ड असेल तर काय होईल याचा विचार करा.

बे_एरियातला_बंड्या | १६ जून, सकाळी ६:१०

वेगाबद्दल कोणीतरी बोलणारच आहे, म्हणून मीच बोलतो. इन्स्टाग्राम जँगोवर मोठं झालं. तुमच्या बारा संस्था, प्रत्येकी समजा अडीचशे सभासद, दोन वेळ. दिवसाला ६,००० नोंदी. सकाळच्या ३,००० नोंदी दोन तासांत आल्या तर सेकंदाला अर्धी नोंदसुद्धा पडत नाही. कुठलंही फ्रेमवर्क घ्या, सर्व्हर झोपा काढेल.

तुम्हाला मारणार आहे ते ओआरएम, म्हणजे पायथॉनच्या ओळींवरून डेटाबेसला विचारायचे प्रश्न (क्वेरी) बनवणारा भाग. बिलाच्या पानावर अडीचशे सभासदांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे त्याच्या संस्थेचं नाव छापलं, की एक क्वेरी यादीची आणि अडीचशे नावांच्या. सिलेक्ट_रिलेटेड हा एक शब्द लिहिला की एकच. तुमच्या लॅपटॉपवर दहा सभासद असतात, म्हणून कळत नाही. डीबग टूलबार पहिल्या दिवसापासून लावा, पानाच्या कडेला क्वेरींचा आकडा दिसत राहतो. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणता ना, ते तिथे दिसतं.

मी_परभणीकर | १६ जून, सकाळी ९:३०

दुधाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आम्हीही अशाच एका संकलनाचं काम जँगोवर केलं होतं. पहिला आठवडा मस्त. दुसऱ्या बिलाला बोंबाबोंब. सचिवाच्या वहीत ११ तारखेच्या सकाळचं दूध नव्या बिलात, आमच्याकडे त्यातलं काही दूध जुन्या बिलात. सगळं नाही, काहीच. त्यातही ठरावीक चार-पाच लोकांचंच.

दोन दिवस आम्ही त्या चार-पाच जणांच्या खात्यात काय वेगळं आहे ते शोधत बसलो. शेवटी सचिवच म्हणाला, 'साहेब, ही सगळी मळ्यातली माणसं, पाचलाच येतात.'

मग ट्यूब पेटली. जँगो आतली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं. आम्ही तारीख काढायला टाइमझोन.नाऊ() घेऊन त्याला .डेट() लावलं होतं, ती तारीख यूटीसीची. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे ५:३० च्या आधी घातलेलं प्रत्येक दूध आदल्या दिवसाचं. ५:३१ ला आलेला माणूस बरोबर, ५:२९ वाला चूक. टाइमझोन.लोकलडेट() लिहायला हवं होतं.

रोजच्या हिशेबात कोणाला कळलं नाही, कारण दहा दिवसांची बेरीज जवळपास तीच येते. बिल बदलायच्या दिवशीच उघडं पडलं.

मिनी_मॉड्यूल | १६ जून, सकाळी ९:५०

बघा! मी हेच म्हणतोय. आयत्याची हीच किंमत.

मी_परभणीकर | १६ जून, सकाळी १०:०५

नाही हो. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आम्ही वाचलं नव्हतं. आणि तारीख-वेळ पूर्ण ठेवलेली होती म्हणून तर एका क्वेरीत सगळं दुरुस्त करता आलं. आधीच्या पीएचपीच्या कामात आम्ही नुसती तारीख ठेवायचो. तिथे असं झालं असतं तर वहीवरून हाताने भरावं लागलं असतं.

नवशिकी | १६ जून, सकाळी ११:२०

मी तिसऱ्या वर्षाला आहे. मधेच विचारते, सॉरी. नोकरीसाठी जँगो शिकू, स्प्रिंग बूट शिकू की नोड (एक्सप्रेस ज्यावर चालतं ते)?

खडूसआजोबा | १६ जून, सकाळी ११:३५

डेटाबेसची भाषा, एसक्यूएल, शीक बाळा. मग तुला हे सगळे सारखे दिसतील.

वैदर्भी | १६ जून, सकाळी ११:४०

आजोबांचं पहिलं वाक्य ऐक, दुसरं नको. एक कुठलंही पूर्ण फ्रेमवर्क घे आणि त्यात एक खरं काम शेवटपर्यंत कर. घराजवळच्या वाचनालयाचं कर. लॉगिन, पुस्तक देणं-घेणं, दंड. सर्व्हरवर चढव आणि महिनाभर चालू ठेव. शिकायचं ते त्या महिन्यात शिकशील.

पंचगंगाकाठ | १८ जून, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. भावाने नमुना म्हणून दोन दिवसांत करून दाखवलं. संस्था, सभासद, दरपत्रक, ॲडमिनमध्ये सगळं उभं राहिलं, खोटं कशाला बोलू. पण एक गंमत झाली.

प्रत्येक शाखेच्या पानाचा पत्ता गावाच्या नावावरून व्हावा म्हणून त्याने स्लगिफाय (नावावरून वेब-पत्ता, म्हणजे स्लग, बनवणारं जँगोतलं फंक्शन) वापरलं. आधी तर रिकामंच आलं, देवनागरी सगळं उडवलं. मग त्याने वाचून अलाऊ_युनिकोड लावलं. तर 'कोल्हापूर'चं झालं 'कलहपर'.

चकलीबिघडली | १८ जून, रात्री ९:१८

फ्रेमवर्कला तुमची पैज कळली म्हणायची.

वैदर्भी | १८ जून, रात्री ९:२२

आईशप्पथ. इतकी वर्षं जँगो वापरतेय, मराठी स्लग कधी केलाच नव्हता. आत्ता करून पाहिलं. सातारा 'सतर', नाशिक 'नशक', अमरावती 'अमरवत'.

रुबीची_अंगठी | १८ जून, रात्री ९:२५

पुण्याचं काय होतं?

वैदर्भी | १८ जून, रात्री ९:२६

'पण'.

चकलीबिघडली | १८ जून, रात्री ९:२७

पुणेकराचं वाक्य तिथूनच सुरू होतं. युनिकोडला माणसं कळतात.

मी_परभणीकर | १८ जून, रात्री ९:३१

आमचं 'परभण'. चालेल. नगरवाले मात्र सुटले असते, काना ना मात्रा. नाव बदललं आणि 'अहलयनगर' झाले.

खडूसआजोबा | १८ जून, रात्री १०:००

हसून झालं असेल तर कारण सांगतो. स्लगिफाय 'अक्षर किंवा अंक नाही ते काढ' एवढंच करतं. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात नमुना शोधायच्या नियमांच्या) लेखी क हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, अक्षराला जोडायच्या खुणा आहेत. त्या गेल्या. इंग्रजी किंवा रशियनमध्ये हे कोणाला जाणवणारच नाही. ज्यांनी लिहिलं त्यांच्या भाषेला वेलांट्या नव्हत्या.

उपाय: पत्त्यात गावाचं नाव घालू नका. संस्थेचा नोंदणी क्रमांक घाला.

बे_एरियातला_बंड्या | १९ जून, सकाळी ७:२०

मराठी शोध ठेवणार असाल तर अजून एक खड्डा. 'कऱ्हाड' दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्तावाला ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) चालवूनही ते एक होत नाहीत. सेव्ह करतानाच एका रूपात बदलून घ्या, शोधाच्या खिडकीतल्या मजकुरालाही तेच लावा. 'वाऱ्या'पासून 'दऱ्या'पर्यंत सगळ्यांना लागू.

चकलीबिघडली | १९ जून, सकाळी ७:२५

म्हणून आम्ही सरळ कराड लिहितो.

मिनी_मॉड्यूल | १९ जून, सकाळी ९:१०

यातलं काहीही मला फास्टएपीआयमध्येही करावंच लागलं असतं, मान्य. एवढंच मान्य.

वैदर्भी | १९ जून, सकाळी ९:४०

पंचगंगाकाठ, नमुन्यावरून खऱ्या कामाकडे जाताना दोन गोष्टी. पहिलं मायग्रेशन चालवायच्या आधी स्वतःचं यूझर मॉडेल लिहा, त्यात आज एकही जास्तीचं फील्ड नसलं तरी. उद्या यूझरनेमऐवजी मोबाइल नंबरने लॉगिन हवं होणार, आणि चालू डेटाबेसात यूझर बदलणं म्हणजे घर न सोडता पाया खणणं. दुसरं, जँगोची ५.२ आवृत्ती घ्या. एप्रिल २०२५ मध्ये आली आहे, दीर्घ मुदतीची आहे, एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेचे बदल मिळत राहतील. तुमचे रविवार वाचतील.

आणि सर्व्हरवर डीबग (चुकीचा आतला तपशील पानावर दाखवणारी सोय) बंद करा. हसू नका, लोक करत नाहीत.

पंचगंगाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. तीन संस्था चालू झाल्या.

जँगोच घेतलं. पण ॲडमिनवर संकलन करायचा भावाचा बेत पहिल्याच पहाटे फसला. रांगेत चाळीस माणसं, कॅन हातात, आणि तिथे माऊसने ड्रॉपडाउन उघडून सभासद शोधायचा! सचिवाला सभासद क्रमांक, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर एवढंच हवं होतं. ती स्क्रीन मी हाताने लिहिली, साध्या जावास्क्रिप्टमध्ये. बिलाचा हिशेबही जँगोच्या बाहेर, साध्या पायथॉनच्या फाइलमध्ये ठेवला. त्याला डेटाबेस माहीत नाही, नुसते आकडे जातात आणि आकडे येतात. आजोबांच्या भाषेत, हेल्पर्स_न्यू_३.

ॲडमिन उरलं ते दरपत्रक, सभासद आणि उधारीपुरतं. तिथे मात्र त्याने लाज राखली. एका संस्थेत म्हशीच्या ६.० फॅटचा दर रात्रीत बदललेला निघाला आणि सचिव म्हणतो मी हात लावला नाही. ॲडमिनमध्ये त्या नोंदीचा इतिहास उघडला: कोणी, किती वाजता, कुठलं फील्ड. रात्री ९:१२, सचिवाच्याच लॉगिनने. मुलगा मोबाइलवर गेम खेळता खेळता आत शिरला होता. पण इतिहासात 'दर बदलला' एवढंच येतं, आधी किती होता ते येत नाही. जुना आकडा बॅकअपमधून काढावा लागला.

बिलाचे आकडे ८,४७,३२० असे पडावेत म्हणून सेटिंगमध्ये गटांची ३, २, ० अशी रचना देता येते, हेही सापडलं. एक्सप्रेसमध्ये त्याचं फंक्शन मी तीनदा लिहिलं होतं.

वैदर्भी | २१ सप्टेंबर, रात्री १०:४५

जुन्या किमतीसकट इतिहास हवा असेल तर सिंपल-हिस्टरी नावाचं पॅकेज आहे. दरपत्रकाला आणि उधारीला तरी लावाच.

मिनी_मॉड्यूल | २१ सप्टेंबर, रात्री १०:५०

संकलनाची स्क्रीन हाताने, हिशेब हाताने. मग जँगो कशाला, असं विचारणार होतो. पण तो ९:१२ चा किस्सा वाचून गप्प बसतो.

चकलीबिघडली | २१ सप्टेंबर, रात्री १०:५२

पैज काय होती ते सांगा आधी!

पंचगंगाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ११:०५

हरेल त्याने दहा दिवस पहाटे साडेचारला संकलनावर बसायचं. ॲडमिनवर संकलन चालेल असं भाऊ म्हणाला होता, जँगो नकोच असं मी म्हणालो होतो. दोघेही हरलो. उद्यापासून पाच-पाच दिवस वाटून घेतलेत.

जाता जाता एक. संस्थेतल्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी पावती येत नाही, नुसती प्रश्नचिन्हं येतात. जँगोत यावर काही आहे का?

खडूसआजोबा | २२ सप्टेंबर, पहाटे ५:४०

नाही. प्रिंटरला मजकूर पाठवू नका, त्याचं चित्र करून पाठवा. पावती संथ निघेल, पण वेलांट्यांसकट निघेल.